उंचीचं पथ्य

परभणी जिल्ह्यात विमान चालवायचं लायसन असलेला माणूस एकच होता, आणि तो मी. हे बढाई म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. ज्या गावात विमानच नाही, तिथं विमान चालवता येणाऱ्या माणसाची काय किंमत असते ते मला विचारा. लोक मला तोंडावर 'चंद्रभान वकील' म्हणत आणि पाठ वळली की 'हवेतले वकील' म्हणत. त्यामुळे मी शक्यतो पाठ वळवीत नसे.

कॉलेजात असताना हैदराबादला मी उडायला शिकलो. तेव्हापासून अधूनमधून रेल्वेनं हैदराबाद गाठायचं, फ्लाइंग क्लबाचं ते दोन माणसांचं उघडं विमान घ्यायचं, तासभर वर राहायचं, आणि परत येऊन कुळांच्या दाव्यांत डोकं घालायचं, एवढंच माझं व्यसन. वरून शेतं दिसतात, बांध दिसतात, पण बांधावर कोण कोणाची आई-बहीण काढतंय ते ऐकू येत नाही. वकिलाला याहून मोठं सुख नाही. मला ते लागतं. भूक लागते तसं लागतं, आणि ते कमी झालं की मी घरात चिडचिड करतो, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे.

आता हौसेखातर उडणाऱ्यालाही प्रकृतीचा दाखला द्यावा लागतो. इतकी वर्षं तो कुठल्याही रजिस्टर्ड डॉक्टरचा चालत होता. आमचे डॉक्टर किशनराव माझी जीभ बघत, "काय वकीलसाब, बरं हाय ना?" असं विचारत, मी "बरं आहे" म्हणे, आणि ते तसं लिहून देत. याहून शास्त्रशुद्ध तपासणी मी पाहिलेली नाही. माणसाला स्वतःला विचारल्याशिवाय त्याची तब्येत दुसऱ्याला कशी कळणार?

पण मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी दिल्लीहून क्लबाकडं आणि क्लबाकडून माझ्याकडं नवा नियम आला. यापुढं दाखला जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनचाच. डोळे, कान, छाती, रंगांची ओळख, सगळं तपासलं जाईल. शिवाय मागच्या काही वर्षांत उमेदवाराला जे आजार झाले असतील त्यांचे कागद तपासणाऱ्या डॉक्टरपुढं ठेवायचे. दिवाळीपर्यंत दाखला पोचला नाही तर लायसन रद्द. मग पुन्हा पहिल्यापासून शिका, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर मिसरूड न फुटलेल्या मास्तराकडून "चाचा, गर्दन सीधी रखो" ऐकून घ्या. ते मी ऐकून घेणार नव्हतो. दाखला काढायचाच, असं मी ठरवलं.

शेजारी बन्सीधर राहतात. मानवतला त्यांची कापसाची अडत आहे, आणि कापूस सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर ते फुकट सल्ला देतात.

"दाखला काढायलाव व्हय?" ते कुंपणावरून म्हणाले. "मग मोठा आजार घ्या. खोकला-पडसं आता कोनी धरत न्हाई."

"बन्सीधरजी, मला आजार नसल्याचा दाखला पाहिजे."

"नसल्याचा?" त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "जे न्हाईच, त्याचा कागद कसा निघंल?"

यात त्यांची चूक नव्हती. आमच्याकडं दाखला म्हणजे आजारी असल्याचाच. कारकुनाला रजा हवी, मास्तराला बदली टाळायची, वकिलाला तारीख वाढवून घ्यायची, की सगळे किशनरावांच्या ओसरीवर. किशनराव कोणाला नाही म्हणत नसत. ज्याच्या त्याच्या वयाला आणि हुद्द्याला शोभेल असा आजार ते देत. शिपायाला ते कधीही रक्तदाब देणार नाहीत आणि तहसीलदाराला खरूज देणार नाहीत. आपण धडधाकट आहोत हे कोणी लिहून मागतं, ही कल्पनाच गावाला नवी होती. आठवड्याच्या आत माझ्याबद्दल दोन बातम्या उठल्या. एक म्हणजे मला काहीतरी असाध्य झालंय, आणि दुसरी म्हणजे मी दुसरं लग्न करतोय.

"एवढं वर जाऊन आनता काय तुमी?" आमच्या मंडळींनी, कोकिळाबाईंनी, विचारलं. "जाता तसे रिकामे खाली येता. त्यापरीस गंगाखेडला जाऊन आला असता तर गूळ तरी आला असता."

उत्तर होतं, पण स्वयंपाकघरात देण्यासारखं नव्हतं.

सिव्हिल सर्जनसाहेब नवे होते, मुंबईकडून आलेले. 'आपण' म्हणून बोलायचे आणि बोलता बोलता समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे. त्यांनी डोळे तपासले, कानाशी घड्याळ धरलं, छातीवर बोटांनी ठोकलं, आणि रंगांच्या परीक्षेशी येऊन अडले. ती परीक्षा रंगीत लोकरीच्या लडींवर घ्यायची असते, आणि दवाखान्यातली लडींची पेटी गायब होती. साहेबांनी मुंबईला लिहिलं. मुंबईनं कळवलं की मागच्या राजवटीचं सामान हैदराबादकडं मागावं. हैदराबादनं कळवलं की परभणी आता आमची नाही, सबब खेद वाटतो. एका राज्यातून उठून दुसऱ्यात जाताना माझी लोकर वाटेत कुठं पडली, ते आजतागायत कळलेलं नाही.

दिवाळी जवळ येत होती. शेवटी मी कोकिळाबाईंनी विणायला घेतलेला रंगीत पट्ट्यांचा स्वेटर उचलून दवाखान्यात नेला. तो माझ्याच मापाचा होता, त्यामुळे मला तसा हक्क होता असं मी समजत होतो. पोटापर्यंत विणून झालेला तो स्वेटर साहेबांच्या टेबलावर उसवला गेला.

"हिरवा उचला," साहेब म्हणाले.

मी हिरवा उचलला.

"हा निळा आहे."

"हा हिरवा आहे."

"चंद्रभानराव, परीक्षा आपली आहे की माझी?"

"रंग ओळखण्यापुरती दोघांचीही दिसते," मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं असं नंतर बऱ्याच जणांनी मला सांगितलं. मला अजूनही तसं वाटत नाही. आवाज वाढले. नर्सबाईंनी निळा म्हटलं, कंपाउंडरनं हिरवा म्हटलं. तेवढ्यात स्वेटर शोधत कोकिळाबाई स्वतः दवाखान्यात आल्या. टेबलावरचा गुंता त्यांनी पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "निळा बी न्हाई आन् हिरवा बी न्हाई. मोरपंखी हाय त्यो. एवढं बी दिसत न्हाई त्यांनी डोळे कशाला तपासावं?" साहेबांनी निमूटपणे 'रंग ओळखतात' असं लिहिलं. माझ्या आयुष्यात मला ज्या थोड्या केसेसमध्ये घरून मदत झाली त्यांतली ही एक. स्वेटर मात्र त्या वर्षी झाला नाही.

आता उरले आजारांचे कागद. मी साहेबांना सांगितलं की मला एकही आजार झालेला नाही, आणि हे सांगताना माझा आवाज जराही कापला नाही, कारण ते खरं होतं. पण साहेब संध्याकाळी ऑफिसर्स क्लबात पत्ते खेळायला जात, आणि तिथं त्यांचे भिडू होते आमचे मुन्सिफसाहेब.

"कोण, चंद्रभान वकील? निरोगी?" मुन्सिफसाहेब इतके हसले म्हणतात की हातातली पानं सगळ्यांना दिसली. "अहो, माझ्या कोर्टात त्यांच्यासारखा आजारी माणूस दुसरा नाही."

इथं लिंबाजीची गोष्ट सांगणं भाग आहे. लिंबाजी माझा पक्षकार, गंगाखेडकडचा शेतकरी. त्याच्या चुलतभावानं, सुग्रीवनं, दोघांच्या बांधावरच्या विहिरीवर दावा लावला होता. विहीर लिंबाजीच्या ताब्यात होती. त्यामुळे दावा जितका लांबेल तितका लिंबाजीचा ऊस वाढेल, हे मलाही कळत होतं आणि लिंबाजीला तर माझ्याआधी कळलं होतं. मग प्रत्येक पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, मी आजारी पडे आणि किशनराव दाखला देत. सगळे वकील हेच करीत. फरक एवढाच की बाकीच्या वकिलांना उडायचं नव्हतं.

दोन्ही साहेबांनी मिळून मला बोलावलं. टेबलावर दाव्याची फाइल होती. किशनराव हैदराबादच्या उर्दू शाळेत वाढलेले, दाखले ते उर्दूतच लिहीत, आणि मुंबईच्या साहेबांना ती लिपी येत नव्हती.

"आपणच वाचून दाखवा," सर्जनसाहेब म्हणाले.

मुन्सिफसाहेबांना उर्दू माझ्याहून चांगलं येत होतं आणि ते माझ्याकडंच बघत होते. मी वाचलं. मुदतीचा ताप वाचला, पाठीतला वायू वाचला, कावीळ वाचली. मग आला तो मागच्या पावसाळ्यातला दाखला. मुन्सिफ कोर्ट माडीवर होतं, म्हणून किशनरावांनी त्या वेळी खास जिन्याचा विचार करून आजार काढला होता. जिना चढताना वकीलसाहेबांना भोवळ येते, असं लिहून त्यांनी शेवटी एक ओळ घातली होती: 'मरीज़ को बुलंदी से सख़्त परहेज़ लाज़िम है.' म्हणजे रोग्यानं उंचीचं पथ्य कडक पाळावं. ती ओळ लिहिली तेव्हा आम्ही दोघांनी तिला दाद दिली होती आणि वर चहा घेतला होता.

"आणि आपण विमान चालवता," सर्जनसाहेब म्हणाले.

आता वाचकांनी माझ्या जागी बसून बघावं. हे आजार खरे म्हटले तर विमान गेलं. खोटे म्हटले तर कोर्टाला फसवलं म्हणून माझी सनद गेली आणि माझ्या पायी किशनरावांची डॉक्टरकी गेली. दोन्ही साहेब वाट बघत होते.

"होतो आजारी," मी ताठ मानेनं म्हणालो. "सगळे आजार झाले होते. आता बरा झालो."

"बरं झाल्याचा दाखला?"

तो नव्हता. मी किशनरावांकडं धावलो, तर ते म्हणाले, "वकीलसाब, बरं झाल्याचा कागद म्या उभ्या जन्मात लिहिला न्हाई. बरा झालेला मानूस मागारी येतोच कुठं?"

शेवटी सर्जनसाहेबांनीच तोड काढली. उद्या सकाळी कोर्टाचा तोच जिना मी त्यांच्यासमोर धावत चढायचा आणि उतरायचा, थांबा म्हणेपर्यंत. मग ते नाडी बघणार. मुन्सिफसाहेबांनी त्याला एक शेपूट जोडलं. "चढलात तर माझ्या दाराशी याल. आलात की मी लिंबाजीचा दावा पुकारणार. यापुढं तुमचा आजार या कोर्टात चालणार नाही."

संध्याकाळी लिंबाजी घरी आला. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी त्यानं दारात ठेवली आणि आत न येताच उंबऱ्याशी बसला.

"वकीलसाब, पाया पडतो, आजारीच ऱ्हावा."

"लिंबाजी, माझं लायसन जाईल."

"त्या इमानाचं काय घेऊन बसलाव? माझा ऊस उभा हाय. तुमी जिना चढलाव की माजी हीर गेली बगा."

तो गेल्यावर मी शेंगा खात बसलो आणि मला माझाच राग आला. मी काय मागत होतो? तासभर वर राहायचं. त्यासाठी एका माणसाची विहीर पणाला लागावी, हे मी ठरवलं नव्हतं. पण वरून ज्या बांधांकडं मी इतकी वर्षं मजेनं बघत होतो, त्यातल्याच एका बांधावर तो माणूस उभा होता, आणि त्याचं म्हणणं आता मला खाली स्पष्ट ऐकू येत होतं.

सकाळी कोर्टाच्या आवारात गर्दी जमली. लोक कामं टाकून आले होते. चहावाल्यानं आपली चूल जिन्याजवळ आणून मांडली होती. बन्सीधर मानवतची गाडी चुकवून थांबले होते आणि मी कितव्या खेपेला पडेन यावर मत देत होते. मी काळा कोट घालून धावलो. सर्जनसाहेबांनी कोट काढायला सांगितलं, पण कोर्टात कोटाशिवाय वकील म्हणजे आरोपी, म्हणून मी तो काढला नाही.

वर, खाली, वर, खाली. गुडघे बोलायला लागले. छातीत भाता चालू झाला. खालून कोणी टाळ्या वाजवीत होतं, कोणी "सावकाश" म्हणत होतं. शेवटच्या खेपेला वरच्या पायरीवर पोचलो आणि समोर उघड्या दारातून मुन्सिफसाहेब दिसले. खाली वळून पाहिलं तर लिंबाजी दोन्ही हात वर करून ओरडत होता.

"बसा वकीलसाब, खाली बसा! चक्कर आली म्हना!"

आणि खरं सांगतो, थोडी आली होती. डोळ्यापुढं ती पायरी हलली. नुसतं बसलो असतो तरी पुरलं असतं. लिंबाजीची विहीर राहिली असती, वकिली पूर्वीसारखी चालली असती, कोणी मला नावं ठेवली नसती. उलट सगळ्या गावानं येऊन कपाळावर पाणी मारलं असतं. पण मला वाटलं, आज इथं बसलो तर मी जन्मभर बसलो. मी कठडा धरला नाही. आत गेलो, कोर्टाला नमस्कार केला आणि म्हणालो, "वादग्रस्त विहिरीबाबत प्रतिवादीतर्फे मी हजर आहे."

सर्जनसाहेबांनी मागून येऊन भर कोर्टात माझी नाडी धरली. एक हात त्यांच्या हातात आणि एक हात वर करून मी युक्तिवाद केला. तो फार चांगला झाला असं मी म्हणणार नाही, पण मोठ्यानं झाला. पाऊण तासात मुन्सिफसाहेबांनी दोघा भावांना समोर घेतलं आणि पाळ्या लावून दिल्या. एक आठवडा लिंबाजी, एक आठवडा सुग्रीव. सुग्रीव आनंदानं रडला. लिंबाजी रडला नाही. तो जिन्यावर मला अडवून म्हणाला, "न्याय मागितला व्हता का कोनी तुमाला? आमी तारीख मागत व्हतो."

मी म्हणालो, "मिळाला तो घे." त्याचा ऊस त्या वर्षी वाळला नाही, हेही इथं नमूद करतो, कारण गावात कोणी ते नमूद करणार नाही.

दाखला मिळाला. पण मुन्सिफसाहेबांना चव लागली. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच वकिलाचा आजार मानायचं सोडलं. अख्खा बार एका महिन्यात सक्तीनं धडधाकट झाला. दावे सुटायला लागले, पक्षकार घरी जायला लागले. बाररूममध्ये मी शिरलो की खुर्च्या एकमेकींकडं वळत. किशनरावांची ओसरी ओस पडली. खरे आजारी तेवढे येत, आणि त्यांना म्हणे तपासावं लागे. सगळ्यांचं मत पडलं की मी जाऊन किशनरावांची माफी मागावी. मी का मागावी? मी फक्त जिना चढलो होतो.

दिवाळीच्या तोंडावर क्लबाचं पाकीट आलं. मला वाटलं लायसन. तर आतून माझाच दाखला परत निघाला आणि सोबत आणखी एक नवा नियम. लांबच्या जिल्ह्यांतून तक्रारी आल्यामुळे मागचा नियम बदलला होता. आता हौशी उडणाऱ्यांना सिव्हिल सर्जनचा दाखला नको. उमेदवाराला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या, त्याच्या प्रकृतीची माहिती असलेल्या घरच्या डॉक्टरचाच हवा. मुदत एक महिना वाढवली होती.

"बगा," कोकिळाबाई म्हणाल्या. "आता जावा किशनरावाकडं."

मी गेलो. माफी मागणार नाही असं घरापासून त्यांच्या ओसरीपर्यंत मनात घोकत गेलो. किशनरावांनी कागद वाचला, चष्मा पुसला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला टेबलावर आडवं केलं.

"बोलू नका," म्हणाले. छातीला नळी लावली. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. पोट दाबलं, डोळ्यांत दिवा धरला, गुडघ्यावर टिचकी मारली. शेवटी उभे राहिले.

"काय निघालं?"

"काहीच न्हाई. घोड्यावानी हाव तुमी."

"मग लिहा."

त्यांनी टाक शाईत बुडवला, कागदावर नेला, आणि तिथंच धरून ठेवला. शाईचा थेंब पडला. दुसरा कागद घेतला. त्यावरही थेंबच पडला.

"डॉक्टरसाहेब, राग असेल तर सरळ सांगा," मी म्हणालो. "माफी मी मागणार नाही."

"राग कशाचा, चंद्रभान?" त्यांनी टाक खाली ठेवला. एरवी ते मला 'वकीलसाब' म्हणत. "आजाराचा कागद खोटा निघाला तर मानूस मरत न्हाई. घरी बसतो, दोन दिस झोपतो. म्या आजवर जेवढे लिहिले त्यात कोनाच्या केसाला धक्का लागला न्हाई. ह्यो कागद खोटा निघाला तर तू वरून पडशील. माज्या सहीनं पडशील. म्हनून सही व्हईना."

इतकी वर्षं जीभ बघून लिहून देणारा हा माणूस, त्याला माझ्या पडण्याची भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली, कारण त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं माझं काळीज ऐकलं होतं. मी जरा आवाज चढवूनच म्हणालो, "जुनं लायसन अजून महिनाभर जिवंत आहे. माझ्याबरोबर वर चला. डोळ्यांनी बघा आणि मग लिहा."

ते आले. धोतर, कोट, गळ्यात नळी, डोक्याला कोकिळाबाईंनी गुंडाळून दिलेला मफलर, अशा थाटात किशनराव हैदराबादला विमानाच्या पुढच्या बैठकीत बसले. मी मागं बसलो. जमीन सुटली तेव्हा त्यांनी 'राम' म्हटलेलं मला वाऱ्यातही ऐकू आलं. वर गेल्यावर मात्र ते एक हात बाहेर काढून खाली शेतांकडं बोट दाखवू लागले आणि काहीतरी सांगू लागले. ते एक अक्षर ऐकू आलं नाही. पण बोट थांबत नव्हतं, आणि मीही तेल संपत येईपर्यंत उतरलो नाही.

खाली आल्यावर विमानाच्या पंखावरच कागद ठेवून त्यांनी एका दमात लिहिलं आणि सही केली. मग तसेच पंखाला टेकून उभे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता, मफलर कानावरून सुटून लोंबत होता.

"वकील धडधाकट हाय," ते म्हणाले. "डॉक्टरला धर."

मी त्यांना धरलं. क्लबाच्या फाटकापर्यंत त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. माफी मी मागितली नाही, आणि अजूनही मागणार नाही.